स्कुटारीची गटारे

रुग्णसेवेचा विषय निघाला की फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते : रात्रीची वेळ, आजारी सैनिकांच्या लांबच लांब रांगा, आणि हाती दिवा घेऊन त्यांच्यामधून जाणारी एक स्त्री. हे चित्र खोटे नाही. पण त्याच्या तेजाने एक गोष्ट झाकून गेली आहे. ज्या फरशीवरून तो दिवा फिरत होता तिच्याखाली तुंबलेली गटारे होती. रुग्णालयातील पाणी, शौचकूप, मोऱ्या आणि धुलाई ही कोणाची जबाबदारी, आणि त्यांचा खर्च कोणत्या खात्याने सोसावयाचा, हा प्रश्न त्या इमारतीत हजारो प्राणांचे मोल देऊन जगापुढे आला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मार्च १८५४ मध्ये ब्रिटन रशियाविरुद्धच्या युद्धात उतरले. रणभूमी क्रिमियात होती आणि तेथील जखमी व आजारी सैनिक जहाजांनी काळा समुद्र ओलांडून स्कुटारीस आणले जात. आजच्या इस्तंबूलचा बॉस्फरसच्या आशियाई तीरावरील उस्कुदार हा भाग म्हणजेच ते स्कुटारी. तेथील तुर्की लष्कराची एक अवाढव्य चौकोनी बराक रुग्णालयासाठी मिळाली होती. बाहेरून इमारत मोठी दिमाखदार. परंतु ती धडधाकट शिपायांना राहण्यासाठी बांधलेली. तिच्या पोटातील गटारे सदोष होती, शौचकूप तुंबलेले होते, आणि त्यांची दूषित हवा थेट रुग्णांच्या दालनांत येत असे. नोव्हेंबर १८५४ च्या आरंभी नाइटिंगेलबाई ३८ परिचारिकांसह तेथे पोहोचल्या, तेव्हा पटकी, हगवण आणि ताप यांनी आजारी पडलेले सैनिक भिंतीकडेने जमिनीवर पडून होते.

तेथे पैशाची टंचाई होती, असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटन हे त्या काळचे जगातील सर्वांत संपन्न राष्ट्र होते. अडचण होती ती खात्यांची. औषधोपचार एका खात्याकडे, रसद दुसऱ्याकडे, रुग्णालयाचे सामानसुमान कोठावळ्याकडे, तर इमारतीची दुरुस्ती आणखी निराळ्याच अधिकाऱ्यांकडे. नियमाप्रमाणे शिपायाने आपला सदरा आणि चमचा आपल्या पाठपिशवीतून बरोबर आणावयाचा होता. वस्तुतः त्या पिशव्या क्रिमियात उतरतानाच वरिष्ठांच्या हुकमाने मागे ठेवण्यात आल्या होत्या. तरीही सदरे पुरविणे आपले काम नव्हे, हे कोठावळ्याचे उत्तर नियमाला धरूनच होते. गटारांच्या बाबतीत तर असे नियमावर बोट ठेवून उत्तर देणाराही कोणी नव्हता. डॉक्टरला दुर्गंधी कळत होती, पण गवंडी बोलावण्याचा अधिकार नव्हता. ज्याला अधिकार होता त्याचा रुग्णांशी संबंध नव्हता.

या पेचातून बाईंनी काढलेली वाट त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. त्यांच्याजवळ स्वतःचा काही पैसा होता, आणि लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने जमविलेला निधीही हाताशी होता. त्यांनी आल्याबरोबर फरशी घासण्याचे ब्रश मागविले. जवळच एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याचे बंब बसविले आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामावर लावले. डिसेंबरात नव्या रुग्णांची लाट येणार असे दिसताच इमारतीचा मोडकळीस आलेला भाग दुरुस्त करून घेण्याचे ठरले. मजुरांनी काम थांबविले, राजदूतांनी हात झटकले. तेव्हा बाईंनी आपल्या जबाबदारीवर दुसरे मजूर लावले आणि सुमारे ८०० रुग्णांची सोय केली. पुढे युद्धखात्याने हा खर्च मान्य करून त्यांना भरून दिला. एका खासगी व्यक्तीच्या थैलीतून साम्राज्याच्या रुग्णालयाची दुरुस्ती व्हावी, यात त्या व्यक्तीचा गौरव आहेच. पण साम्राज्याच्या कारभाराविषयीही त्यातून बरेच काही कळते.

आणि तरीही माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये येथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. ब्रश, साबण आणि स्वच्छ सदरे आले होते. जमिनीखालचे गटार मात्र होते तसेच होते. परिचारिकेच्या हाताला तेथपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

६ मार्च १८५५ रोजी लंडनहून पाठविलेला आरोग्य-आयोग स्कुटारीस दाखल झाला. डॉ. जॉन सदरलँड व डॉ. हेक्टर गॅव्हिन हे दोन वैद्य आणि रॉबर्ट रॉलिन्सन हे स्थापत्यविशारद असे त्याचे सभासद होते. आयोगाचे खरे सामर्थ्य त्याला दिलेल्या आज्ञापत्रात होते. केवळ अहवाल लिहून थांबू नका, नुसता हुकूमही सोडू नका. काम सुरू झाले की नाही आणि पुरे झाले की नाही ते स्वतः पाहा, असा त्याचा आशय होता. रुग्णालयाच्या बऱ्याच भागाला ज्या पाटातून पाणी येत होते त्या पाटात त्यांना मेलेल्या घोड्याचे कुजलेले कलेवर सापडले. पहिल्या पंधरवड्यातच त्यांनी ५५६ हातगाड्या व मोठ्या टोपल्या भरून केरकचरा हलविला. गटारे धुऊन मोकळी केली, भिंतींना चुना दिला, हवा खेळण्यासाठी वाटा पाडल्या. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या जवळपास उतरले.

या घसरणीचे सारे श्रेय गटारांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. हिवाळा सरला होता, गर्दी ओसरली होती, क्रिमियाहून येणारे रुग्णही पूर्वीइतके खंगलेले नव्हते. कोणाचे श्रेय किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु नाइटिंगेलबाईंनी स्वतः जो निष्कर्ष काढला तो महत्त्वाचा आहे. १८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी मृत्यूंची नोंद तपासली, तेव्हा आपल्याच देखरेखीखालील रुग्णालयात मृत्यू किती मोठ्या प्रमाणावर झाले हे त्यांना दिसून आले. भक्तिभावाने शुश्रूषा करूनही माणसे दगावतात, कारण इमारतच त्यांना मारीत असते, हे सत्य त्यांनी पुढे आयुष्यभर राज्यकर्त्यांच्या कानी घातले. रोग दूषित हवेतून होतात, ही त्यांची समजूत पुढील जंतुशास्त्राने चुकीची ठरविली. पण त्या समजुतीपोटी सुचविलेले पाणी, निचरा आणि स्वच्छता हे उपाय कायम राहिले.

आधी विचार करून रुग्णालय उभारले तर काय साधते, याचेही उदाहरण त्याच युद्धात मिळाले. आगगाड्यांचे पूल आणि बोगदे बांधणारे इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांना १८५५ च्या आरंभी लाकडी, सुटे करून जहाजाने नेता येईल असे रुग्णालय आखावयास सांगण्यात आले. ते दार्दनेल्सजवळ रेंकिओई येथे उभे राहिले. ब्रुनेल यांनी प्रत्येक दालनासोबतच त्याची न्हाणी, शौचकूप, पाण्याचा नळ, सांडपाण्याचा निचरा आणि हवा पुरविणारा पंखा यांची योजना केली होती. दालन वाढले की ही सर्व साधने त्याच्याबरोबर वाढत. मागाहून कोणाकडे याचना करण्याचा प्रश्न नव्हता. सुमारे १,३०० रुग्णांपैकी येथे ५० च्या आसपास दगावले. स्कुटारीच्या भीषण हिवाळ्याशी याची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. पण खाटेबरोबर पाण्याचा हिशेब धरावयाचा, ही दृष्टी येथे प्रत्यक्षात आली.

या प्रकरणाचा धागा पुढे आपल्या देशापर्यंत येतो. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल निघाला. येथील गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत, असे त्यात दिसून आले. ठिकठिकाणच्या छावण्यांतून आलेल्या उत्तरांचा सारांश नाइटिंगेलबाईंनी लिहिला. भिस्त्याच्या पखालीवर चालणारा पाणीपुरवठा आणि निचऱ्याचा अभाव यांवर त्यांनी नेमके बोट ठेवले. १८६४ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत आरोग्य-आयोग स्थापन झाले. पुढे बाईंचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यासाठी ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हा त्यांचा आग्रह एकाच मुद्द्यावर होता : खेड्यातून जो उपकर गोळा होतो त्यावर पहिला हक्क खेड्याच्या स्वच्छतेचा असावा. स्कुटारीत पदरमोड करणाऱ्या बाई आता खर्चाचे कायमचे साधन मागत होत्या.

ही मागणी अद्याप जुनी झालेली नाही. जागतिक आरोग्य परिषदेने २०१९ मध्ये रुग्णालयांतील पाणी व स्वच्छता यांविषयी ठराव केला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगातील जवळजवळ निम्म्या आरोग्यकेंद्रांत उपचाराच्या जागी व शौचालयापाशी हात धुण्याची किमान सोयही नव्हती. त्याच वर्षी ४६ अल्पविकसित देशांसाठी खर्चाचा एक अंदाज पुढे आला. २०३० पर्यंत साडेसहा ते ९.६ अब्ज डॉलर लागतील, आणि त्यांतील निम्मा किंवा त्याहून अधिक भाग चालू खर्च व देखभाल यांचा असेल, असा तो होता. बांधकामाचे उद्घाटन एकदा होते. नळाची गळती, पंपाचे वीजबिल, साबण, जंतुनाशक आणि सफाई कामगाराचे वेतन यांचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. अंदाजपत्रकात जागा मिळण्यास सर्वांत अवघड जातो तो हाच.

आपल्याकडे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात रुग्ण कल्याण समित्या आणि देखभालीचे वार्षिक अनुदान यांची तरतूद झाली, आणि २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतील स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार सुरू झाले. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण रुग्णालय आपल्या गावचे आहे, हे ध्यानात घेऊन नागरिकांनीही काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. प्रसूतिगृहात बारा महिने पाणी येते काय? टाकी शेवटची केव्हा धुतली? शौचालय तुंबले तर ते मोकळे करून घेण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारा पैसा एकाच माणसाच्या हाती आहे काय? नवी इमारत मंजूर करताना तिच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा कागदावर लिहिला आहे काय? १८५४ च्या नोव्हेंबरात स्कुटारीस यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. ते आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात कोणापाशी आहे, याची चौकशी आपण अवश्य करावी.