इंद्रायणीचा भात

राष्ट्र म्हटले की आपल्याला झेंडा आठवतो, गीत आठवते. ताट आठवत नाही. पण आपला कोण आणि परका कोण, याचा निवाडा पुष्कळदा ताटावरच होतो. घर भाड्याने देताना होतो, शाळेत डबा उघडताना होतो. ‘तुमच्यात काय खातात हो?’ हा प्रश्न मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला आजही ऐकावा लागतो. माझे उत्तर साधे आहे : मावळात घरोघरी शिजतो तोच इंद्रायणीचा भात.

या भाताचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. मऊ, चिकट, सुवासिक असा हा तांदूळ. नाव लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या नदीचे. देहू-आळंदीच्या, तुकोबा-ज्ञानोबांच्या नदीचे. त्यामुळे हे वाण संतांच्या काळापासून इथलेच असावे, असे वाटते. प्रत्यक्षात ते वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिले. त्याचे एक पालक वाण म्हणजे आपला आंबेमोहोर. दुसरे ‘आयआर ८’, फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिलेले. त्या आयआर ८ चेही एक मूळ इंडोनेशियात, तर दुसरे तैवानात. एवढे देश एका घासात आहेत, आणि तरीही हा भात अस्सल मावळी आहे. कारण इथल्या पावसात, इथल्या माणसांच्या कष्टावर तो पिकतो.

लोणावळ्याच्या चिक्कीचेही तेच. गूळ आपला, पण शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, प्रवाशांची ये-जा वाढली आणि पुढे ही चिक्की लोणावळ्याची ओळख होऊन बसली. आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. ठेचा परदेशी आहे, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

एखादा पदार्थ खाण्या-न खाण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यावरून देशावरच्या प्रेमाचे माप काढू नये. मावळात भाताचे रोप एका वाफ्यात वाढवतात, उपटतात आणि दुसऱ्या खाचरात लावतात. चार-आठ दिवस ते मलूल दिसते, मग मूळ धरते. पुढे दाणा भरला, की हे रोप मूळचे कुठल्या वाफ्यातले, असे कुणी विचारत नाही.