ओझोन भरून येईल, जुने स्थितांबर नाही

जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२ च्या आढाव्यानुसार, सध्याची धोरणे पाळली गेली तर ओझोन १९८० च्या पातळीवर येईल: अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५ च्या आणि उर्वरित जगात २०४० च्या. याचे श्रेय १९८७ च्या माँट्रियल कराराचे, आणि ते निर्विवाद आहे. पण एवढ्यावरून ‘गेलेले परत मिळाले’ म्हणणे घाईचे ठरेल. ओझोनचा नाश करणारे वरचे क्लोरीन ओसरत आहे, त्याच काळात कार्बन डायऑक्साइड मात्र वाढतो आहे.

हा वायू जमिनीलगत ऊब धरून ठेवतो आणि स्थितांबर थंड करतो. यात विसंगती काही नाही. स्थितांबराला ऊब मिळते ती मुख्यतः ओझोनने शोषलेल्या अतिनील किरणांतून. ती अवरक्त प्रारणाच्या रूपात बाहेर टाकण्याचे काम बव्हंशी कार्बन डायऑक्साइडकडे असते. वरची हवा विरळ, त्यामुळे हे प्रारण फारसे न अडता अवकाशात निघून जाते. रेणू वाढले की आवक तेवढीच राहून जावक वाढते. हवामानशास्त्रज्ञ मानाबे आणि वेदराल्ड यांनी हे १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते. १९८६ नंतरच्या उपग्रह-नोंदींत मधले व वरचे स्थितांबर सुमारे २ अंश सेल्सिअसने थंडावलेले दिसते.

या थंडीचा ओझोनवर होणारा परिणाम सगळीकडे सारखा नाही. साधारण ४० किलोमीटर उंचीवर ओझोनचा नाश करणाऱ्या अभिक्रिया थंडीत मंदावतात. त्यामुळे तिथे ओझोन १९८० च्याही वर जाईल, अशी प्रतिमानांची अपेक्षा आहे. ध्रुवांवर, २० किलोमीटरच्या आसपास, गणित उलटते. तापमान उणे ७८ अंशांखाली गेले की नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे विरळ ढग बनतात. त्यांच्या कणांवर निरुपद्रवी संयुगांतले क्लोरीन मोकळे होते आणि वसंतातल्या उन्हात ओझोनवर तुटून पडते. २०११ आणि २०२० मध्ये आर्क्टिकने हे पाहिले. क्लोरीन संपेपर्यंत एखादा कडक हिवाळा असा तडाखा पुन्हा देऊ शकतो.

आपल्याला जवळचा प्रश्न उष्ण कटिबंधाचा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. इथली हवा हळूहळू वर चढते, ध्रुवांकडे वाहते आणि तिकडे खाली उतरते. ब्रुअर-डॉबसन अभिसरण ते हेच. पृथ्वी तापेल तसे ते वेग घेईल, असे जवळपास सर्व प्रतिमाने सांगतात. हवा भरभर वर गेली, तर खालच्या स्थितांबरात ओझोन तयार व्हायला तिला उसंत मिळत नाही. शिवाय तयार झालेला ओझोनही मध्य अक्षांशांकडे लवकर निघून जातो. म्हणून हरितगृह वायूंचे उत्सर्जन भरमसाट राहिले, तर शतकाअखेर उष्ण कटिबंधावरचा एकूण ओझोन १९८० पेक्षा कमीच भरण्याची शक्यता आहे. पुणे आणि तिरुवनंतपुरम इथून हवामान खात्याने फुग्यांबरोबर वर सोडलेल्या ओझोनमापकांच्या नोंदींचे मोल इथे कळते: उपग्रहाला नीट न उलगडणारा थर फुगा चढता चढता मोजत जातो.

मिथेनचा हिशेब दुहेरी आहे. त्यापासून वर पाण्याची वाफ तयार होते आणि ती ओझोनला मारक. पण तोच मिथेन क्लोरीनला हायड्रोक्लोरिक आम्लात अडकवून ठेवतो. नायट्रस ऑक्साइडला अशी सबब नाही. शेतातल्या नत्रखतांतून सुटणारा हा वायू स्थितांबरात नायट्रोजनची सक्रिय ऑक्साइडे निर्माण करतो. आज उत्सर्जित होणाऱ्या वायूंत ओझोनची सर्वाधिक हानी करणारा हाच, असे शास्त्रज्ञ रविशंकरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. माँट्रियल कराराच्या नियंत्रित पदार्थांच्या यादीत तो आजही नाही.