नाणेघाटाची मोडलेली वाट

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या परिसराच्या इतिहासावर चार पाने लिहावीत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांकडून झाली. मी इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढे छत्तीस वर्षे मुलांना अंकलिपी व भूगोल शिकविण्यात घालविली. तथापि एका विषयाचा मला पूर्वीपासून नाद आहे, आणि त्याचा संबंध आपल्या ज्ञातीतील अनेक घरांशी येत असल्यामुळे तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे. जुन्नर, ओतूर, मुरबाड, कल्याण या पेठांतून आपली कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या उदीम करीत आली. त्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘घाट उतरणे’ हा शब्दप्रयोग वारंवार येत असे. कोणता घाट, हे सांगण्याची त्यांना गरज वाटत नसे. तो नाणेघाट होय.

नाणेघाटाचे नाव आज पुष्कळांना ठाऊक आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटघरच्या पठारावर मोटारींची रीघ लागते. कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याच्या झोताने उलटे वर उडते ते पाहावयाचे, नानाच्या अंगठ्यापाशी छायाचित्र काढावयाचे, लेण्यात क्षणभर डोकवावयाचे आणि परतावयाचे, असा क्रमच ठरून गेला आहे. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या वाटेसाठी हे लेणे कोरले गेले, ती वाट कोठून आली आणि कोठे गेली, असे विचारणारा शंभरांत एखादाच निघतो.

वाटेचे वय सांगावयास लेण्यातील शिलालेख समर्थ आहे. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा ब्राह्मी लेख सामान्यतः ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व डॉ. ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा ऊहापोह केला. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य व चार लोकपाल यांना वंदन करून लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद केली आहे. गाई १०,००१, कार्षापण २४,४०० असे त्यातील आकडे आहेत. आपण पाटीवर जे अंक गिरविले त्यांपैकी काहींची फार जुनी रूपे या भिंतीवर दिसतात. ज्याने आयुष्यभर मुलांकडून अंक घोटवून घेतले, त्याचे पाय तेथून लवकर निघत नाहीत, हे निराळे सांगावयास नको.

मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका व राजकुमार यांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. वर नावे शिल्लक आहेत. खाली प्रतिमा गेल्या, काही पावले तेवढी उरली. परंतु माझे लक्ष त्याहून अधिक वेधले ते घाटातील पाण्याच्या टाक्यांनी. त्यांपैकी एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददास नामक मनुष्याचे दान असल्याचा लेख आहे. सोपारा म्हणजे वसईजवळचे आजचे नालासोपारा. म्हणजे समुद्रकाठच्या बंदरातला एक गृहस्थ इतक्या लांबच्या डोंगरात खडक फोडून पाण्याची सोय करतो! ज्याचे स्वतःचे किंवा ज्याच्या माणसांचे येथून वरचेवर जाणे-येणे आहे, त्यालाच हे सुचेल. जुन्नरच्या लेण्यांतही कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या टाक्याचा व धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा उल्लेख आहे. राणीच्या लेखावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले, ते योग्यच झाले. परंतु वाट चालती ठेवली ती या सोनाराने, धान्यवाल्याने, गोविंददासाने, आणि ज्यांची नावे दगडावर कधीच चढली नाहीत त्या बैलवाल्यांनी व ओझेवाल्यांनी.

प्रतिष्ठान म्हणजे पैठण, तेथून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट आणि खाली कल्याण व सोपारा, असा हा मार्ग होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. शिवनेरी, हडसर, चावंड व जीवधन हे किल्ले याच मार्गावर पहारा ठेवून आहेत. किल्ल्यांवर लिहिणारे समर्थ लेखक पुष्कळ आहेत. मी त्या वाटेला जात नाही.

घाटमाथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत, म्हणून ‘नाणेघाट’, असे सर्वत्र सांगतात. जकात येथे घेतली जात असेल यात मला संशय नाही. अशी अरुंद खिंड हाती असता ती न घेणारा राजा विरळा. परंतु वसूल झालेले द्रव्य उघड्या रांजणात वाटेवर ठेवावे, हे मात्र व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाच्या बुद्धीला पटत नाही. गल्ला कोणी अंगणात मांडीत नाही! असो.

आता ही वाट मोडली कशी, ते पाहू. आगगाडी आली आणि घाट ओस पडले, असे आपण शाळेत एका वाक्यात शिकवीत आलो. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास व पुढील वर्षी कल्याणास गाडी आली. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून लोहमार्ग सुरू झाला. दूरचा मोठा माल तेव्हा आगगाडीवर चढला हे खरे. परंतु वाट त्या दिवशी मेली नाही. गेल्या सहा उन्हाळ्यांत जुन्नर व मुरबाड या दोन्ही बाजूंच्या गावांतून मी सवडीप्रमाणे हिंडलो आणि ज्यांची वये ऐंशीच्या पुढे गेली आहेत अशा मंडळींना भेटलो. त्यांच्या लहानपणी, म्हणजे आगगाडी येऊन ऐंशी-नव्वद वर्षे लोटल्यावरही, हा घाट चालता होता. खालून मीठ, सुकी मासळी व नारळ चढत. वरून हिरडा, तूप, मिरची आणि घोंगड्या उतरत. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे म्हसोबाची मोठी यात्रा भरते. तेथे बैलांचा बाजार असतो आणि घोंगड्याही पुष्कळ विकल्या जातात. तिच्यासाठी वरची माणसे याच वाटेने टोळ्याटोळ्यांनी खाली जात. घाट केव्हा बंद पडला, असे विचारले म्हणजे आगगाडीचे नाव कोणीच काढत नाही. “यष्टी आली आन्‌ घाट पडला,” हे उत्तर मला दोन निरनिराळ्या गावांत जवळजवळ त्याच शब्दांत मिळाले. राज्य परिवहनाची पहिली गाडी १९४८ साली पुणे ते अहमदनगर धावली. पुढे माळशेज घाटाच्या सडकेने मोटार सुलभ झाली आणि पायवाटेची गरज सरली. तीच सडक आज कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ आहे.

जुन्नरपासून घाटापर्यंतच्या वाटेचा शोध सर्वांत कठीण गेला. कारण तिचा एक भाग आता पाण्याखाली आहे. कुकडी नदीवर माणिकडोहचे धरण १९८४ च्या सुमारास पूर्ण झाले आणि नदीकाठची जमीन बुडाली. धरणाने खालच्या रानांना पाणी मिळाले, त्यामुळे तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एका वृद्ध शेतकऱ्याने मला काठावर उभे करून केवळ बोटाने पाण्यावर सबंध वाट काढून दाखविली. “त्या पाण्याच्या वळणाला चिंच होती, तिच्याखाली बैल सोडायचे; तिथनं पुढं खडकाळ वढा, मग डावीकडं चावंड ठिवून नीट वर.” त्यांना स्वतःला तेथे चालून साठ वर्षे झाली असतील; तरी बोट अडखळले नाही. मी त्यांचे सांगणे तेथेच वहीत उतरून घेतले आणि त्यावरून कच्चा नकाशा केला. पुढील उन्हाळ्यात नकाशा दाखवावयास गेलो, तेव्हा ते हयात नव्हते.

पुढे पूर गावी कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. कुकडीचा उगम येथलाच. वाटसरू येथे मुक्काम करीत, असे गावकरी सांगतात, आणि घाट उतरण्यापूर्वी देवाला नारळ ठेवण्याची चाल त्यांच्या वडिलांपर्यंत होती. तेथून घाटघरपर्यंत आता डांबरी सडक आहे. सडकेच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी जुनी वाट निराळी ओळखू येते. शेकडो वर्षे खूर व पाय पडून जमीन खोलगट झाली आहे, दोन्ही अंगांस करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि पावसात तिचा ओढा होतो. गुराखी पोरे तिला ‘बैलवाट’ म्हणतात. का म्हणतात, हे त्यांना सांगता आले नाही.

घाटघरच्या एका वृद्ध गृहस्थांनी खिंडीतील शिस्त मला समजावून दिली. ते महादेव कोळी समाजाचे. त्यांचे वडील डोक्यावर हिरड्याचे ओझे घेऊन घाट उतरत. माथ्याजवळ वाट दोन कड्यांमध्ये अशी आवळते की समोरासमोर दोन लादलेले बैल आले तर गोणी एकमेकींत अडकावयाच्या. म्हणून वरून उतरणाऱ्याने आधी हाळी द्यावयाची आणि कान देऊन थांबावयाचे. “खालून उत्तर आलं तर आपण बसायचं. चढनाऱ्याचा मान पैला.” ओझे घेऊन चढणाऱ्याला मध्येच थांबविणे पाप, असा तेथे संकेत होता. हा नियम कोणत्या दप्तरात लिहिलेला नाही. पण त्याशिवाय ही वाट एक दिवसही चालली नसती. सरकारी जकातीची कथा सर्वांना पाठ आहे, ही हाळीची गोष्ट मात्र त्यांच्या घरातील नातवंडांनाही त्या दिवशी प्रथमच ऐकावयास मिळाली.

घाटाच्या पायऱ्या अजून पुष्कळ ठिकाणी शाबूत आहेत. काही जातीच्या खडकात कोरलेल्या, काही बसविलेल्या. मध्यभागी झिजून गुळगुळीत झालेल्या. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात, हे नव्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. उतार संपला की दाट झाडीतून वाट वैशाखऱ्याच्या बाजूस निघते.

येथे मला एक गोष्ट उमगली, ती अशा कामास लागणाऱ्या तरुणांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पुरुषांना जुन्या वाटेविषयी विचारले तर ते किल्ला, लढाई, गुप्त धन यांकडे वळतात. वाट स्त्रियांच्या ध्यानात असते. पाणी कोठे, सावली कोठे, ओझे उतरावयाचा दगड कोठे, हे त्यांना विचारावे. पूर्वी घाटातील अंतर मैलांत सांगत नसत, विसाव्यांत सांगत. डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या मदतीवाचून उतरवून पुन्हा उचलता येईल अशा उंचीचा दगड जेथे असेल तो विसावा. घाटघरच्या त्या गृहस्थांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत सात विसावे सांगितले आणि मी ते वहीत टिपले. खाली वैशाखऱ्याकडे एक वृद्ध बाई भेटल्या. माहेर घाटावर, सासर घाटाखाली. लग्नाचे वऱ्हाड याच पायऱ्यांनी उतरलेले. त्यांनी आठ सांगितले.

मी वहीतील सात वाचून दाखविले. त्यांनी एकेक मान्य केला आणि पाचव्या-सहाव्याच्या मध्ये थांबवून म्हणाल्या, “गुर्जी, हितं एक ऱ्हायला. गडी मानसं हितं थांबत न्हाईत. तान्ह्या पोराला पाजायला बाया बसत. जरा आडोश्याला हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाला बरोबर घेऊन मी चढलो. वाटेपासून वीस-पंचवीस पावले आत, कड्याच्या पोटाशी, वाऱ्याचा मारा लागत नाही अशा ठिकाणी तीन सपाट दगड ओळीने मांडलेले आहेत. पानांचा खच बाजूस केल्यावर त्यांच्या बैठकी झिजलेल्या दिसल्या. कोणत्याही नकाशात ही जागा नाही. माझ्या वहीत आता आठ विसावे आहेत.

माथा ते वैशाखरे आणि तेथून टोकावड्यापर्यंतची टिपणे याप्रमाणे तयार आहेत. टोकावडे, मुरबाड, रायते व कल्याण हा खालचा टप्पा अद्याप व्हावयाचा आहे. उल्हास नदीचा उतार, बैलांचे मुक्काम व उतारपेठा त्यात यावयाच्या आहेत. मुरबाड-कल्याणकडील ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी अशी वडीलधारी माणसे असतील, लदणीच्या गोणी, बैलांच्या घुंगरमाळा किंवा जुन्या मोडी वह्या असतील, त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर एक पत्र टाकावे. येत्या माघात, ऊन चढण्यापूर्वी, मी तिकडे येणारच आहे.