‘अपडेट’ बटणाची कुळकथा

पडद्यावर चार चौकटी आणि खाली ‘अपडेट’ लिहिलेलं एक बटण. सभासद क्रमांक टाकला की नाव, पत्ता, बाकी रक्कम समोर येते. रक्कम बदलून बटण दाबलं की कुठल्या तरी फोल्डरमधल्या एक्सेल फाइलमध्ये त्याच सभासदाची ओळ बदलते. छोट्या पतसंस्था, शाळांची कार्यालयं, कारखान्यांची स्टोअर्स अशा ठिकाणी ही व्यवस्था हमखास दिसते. डेटाबेस सांभाळायला माणूस नसतो, पण एक्सेल कुणाला ना कुणाला येतंच. फॉर्म आणि शीट यांच्यामध्ये असतो पंधरा-वीस ओळींचा कोड. तो लिहिणाऱ्याला जे चमत्कारिक अनुभव येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या तंत्राच्या जन्मकथेत सापडतं.

शीटच्या घराण्याचा मूळपुरुष व्हिजिकॅल्क. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ते ॲपल टू संगणकावर आणलं. २५४ ओळी, ६३ रकाने. ब्रिकलिन तेव्हा हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होते. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडायचे, या जाचातून सुटका व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप होता. शीट घडलं ते माणसाच्या डोळ्यांसाठी आणि बोटांसाठी. सेलचं नाव म्हणजे त्याची जागा: दुसरा रकाना, सातवी ओळ. तिथे कोण बसलंय हे बघणाऱ्याला दिसतं, शीटला माहीत नसतं. अकारविल्हे क्रम लावला की सातव्या ओळीत दुसराच सभासद येतो आणि शीटच्या लेखी काहीच बिघडलेलं नसतं. माझ्या मते या साऱ्या कुळकथेचा गाभा इथे आहे. पुढे निघालेली प्रत्येक युक्ती एकाच प्रश्नाशी झगडते: जिथे ओळीला स्वतःची ओळख नाही, तिथे कोडने बरोबर ओळ शोधायची कशी?

व्हिजिकॅल्कमधला डेटा बाहेरच्या प्रोग्रामला देण्याघेण्यासाठी डीआयएफ नावाची फाइल निघाली. पण तिच्यातून आकड्यांचा सबंध गठ्ठाच आत-बाहेर व्हायचा, एकट्या सेलला हात घालता येत नसे. १९८३ मध्ये मिच केपोर यांच्या कंपनीचं लोटस १-२-३ आलं आणि त्यात मॅक्रो होते. माणूस जी बटणं दाबेल ती क्रमाने सेलमध्येच लिहून ठेवायची, मग संगणक ती आपणहून दाबणार. कोड शीटपर्यंत पोहोचला खरा, पण माणसाच्या बोटांची नक्कल करत.

फॉर्मचं घराणं वेगळं. ॲलन कूपर यांनी विंडोजसाठी एक साधन बनवलं होतं, ज्यात बटणं आणि चौकटी माउसने ओढून पडद्यावर मांडता येत. १९८८ मध्ये त्यांनी ते बिल गेट्स यांना दाखवलं. मायक्रोसॉफ्टने ते घेतलं, त्याला बेसिक भाषा जोडली आणि १९९१ च्या मे महिन्यात व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. फॉर्म बनवण्यासाठी आता मुरलेला प्रोग्रामर असण्याची गरज उरली नाही. हिशेबनीस, शिक्षक, स्टोअरकीपर यांनीही फॉर्म बांधले, आणि ज्यांचं काम त्यांनीच त्याचं साधन घडवलं याचं मोल मला फार वाटतं.

व्हिज्युअल बेसिकच्या त्या पहिल्याच आवृत्तीत टेक्स्टबॉक्सला ‘लिंकटॉपिक’ आणि ‘लिंकआयटम’ असे गुणधर्म होते. एकात एक्सेल आणि शीटचं नाव लिहायचं, दुसऱ्यात ओळ-रकाना. मग ‘लिंकपोक’ म्हटलं की चौकटीतला मजकूर चालू असलेल्या एक्सेलच्या त्या सेलमध्ये जाऊन बसे. यामागे होतं डीडीई, दोन प्रोग्राममधली निरोपांची देवाणघेवाण. आज आपण जे करतो त्याचा हा पहिला ओळखू येणारा अवतार. पण एक्सेल आधीच उघडलेलं नसेल, किंवा कामात गुंतलेलं असेल, तर निरोप पोहोचतच नसे.

खरा पालट १९९३ मध्ये झाला. एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीने आपलं अंतरंग बाहेरच्या कोडला खुलं केलं. ॲप्लिकेशनच्या पोटात वर्कबुक, वर्कबुकात शीट, शीटमध्ये रेंज, आणि प्रत्येकाला नावाने हाक मारता येणार. माणूस एक्सेलमध्ये जे करतो त्यातलं बहुतेक सारं आता दुसरा प्रोग्राम करवून घेऊ शकत होता, तेही बोटांची नक्कल न करता. इतक्या लोकप्रिय प्रोग्रामने आपली सगळी कळयंत्रं परक्यांच्या हाती द्यावीत, हा निर्णय मोठ्या मनाचा होता असं मी मानतो.

एक्सेलला अशी हाक मारणाऱ्या बेसिक भाषेचा आराखडा लिहिणाऱ्यांमध्ये जोएल स्पोलस्की हे तरुण कर्मचारी होते. जून १९९२ मध्ये गेट्स यांनी आराखडा तपासला, तेव्हा त्यांचा अवघड प्रश्न तारखांबद्दल होता, असं स्पोलस्की यांनी पुढे लिहिलं आहे. प्रश्न मर्मावर होता. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलनेही ती चूक तशीच ठेवली, त्यामुळे एक्सेलच्या हिशेबात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आहे. बेसिकच्या बाजूने तोड अशी निघाली की मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून सुरू करायची. मग १ मार्च १९०० ला दोन्हीकडे ६१ हाच आकडा येतो आणि पुढे सगळं जुळतं. आज फॉर्ममधली तारीख शीटमध्ये बिनबोभाट उतरते, ती या जुळवणीमुळे.

आता कोड जवळून पाहू. एक्सेल सुरू करायचं, वर्कबुक उघडायचं, पहिल्या रकान्यात ‘फाइंड’ने सभासद क्रमांक शोधायचा, सापडलेल्या सेलच्या शेजारी नवी रक्कम लिहायची, सेव्ह, क्विट. सरळ दिसतं. पण सेलमधला सगळा मजकूर जुळायला हवा की अर्धाही चालेल, हे ‘फाइंड’ला सांगितलं नाही, तर ते आधीच्या शोधाच्या वेळची सेटिंगच वापरतं. आधी कुणी कंट्रोल-एफ दाबून अर्धवट शब्द शोधला असेल तर तीच. मग १२ क्रमांक शोधताना ११२ सापडू शकतो, आणि भलत्याच सभासदाची बाकी बदलते. कसलाही एरर येत नाही. म्हणून ‘लुकॲट’ला ‘एक्सएलहोल’ द्यायलाच हवं. गट क्रमांकाचंही तसंच. ‘१२/२’ असा मजकूर पाठवला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, म्हणून आधी त्या सेलचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून मगच लिहायचं.

२००२ मध्ये फॉर्म लिहिण्यासाठी डॉटनेट ही नवी व्यवस्था आली आणि वेगळंच दुखणं सुरू झालं. फॉर्म बंद केला तरी टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल जिवंत, फाइल लॉक. आपल्याला कितीजणांनी धरून ठेवलंय हे एक्सेल मोजत असतं आणि शेवटच्याने सोडलं की बंद होतं. डॉटनेटमध्ये मात्र वापरून झालेल्या वस्तू सोडण्याचं काम गार्बेज कलेक्टरकडे, आणि तो त्याच्या सवडीने येतो. १९९३ ची शिस्त आणि २००२ ची शिस्त यांचा हा बेबनाव आहे.

एका शाखेने एक्सेलला कामाला लावलं, तर दुसरीने त्याला वगळूनच टाकलं. नव्वदच्या दशकात जेट नावाचं डेटाबेस इंजिन एक्सेलची फाइल टेबल म्हणून वाचू लागलं. शीटच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह, पहिल्या ओळीतले मथळे म्हणजे फील्ड, आणि मग एसक्यूएलमध्ये ‘अपडेट’, ‘सेट’, ‘व्हेअर’. वेगवान, आणि एक्सेल बसवलेलं नसलं तरी चालणारं. पण टेबलाला प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला लागतो आणि शीटला तो नसतो. म्हणून हे इंजिन एरवी पहिल्या आठ ओळी पाहून अंदाज बांधतं. त्या आठांत १४५, १४६ असे साधे गट क्रमांक असले आणि नंतर कुठे ‘१४७/२’ आलं, तर फॉर्ममध्ये ती चौकट रिकामी दिसते. सूत्र असलेला सेल या वाटेने बदलता येत नाही. ओळ डिलीट तर करताच येत नाही. आणि डॉटनेटच्या कमांडबिल्डरला अपडेटचा हुकूम आपोआप तयार करायला सांगितला, तर तो नकार देतो: की-कॉलमच नाही. व्हिजिकॅल्कपासून चालत आलेली उणीव इथे एरर बनून समोर येते. म्हणून प्रत्येक ओळीला न बदलणारा क्रमांक द्यायचा, तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही आणि ‘व्हेअर’मध्ये तोच वापरायचा, एवढी शिस्त शीट बनवणाऱ्यानेच पाळावी लागते.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक फटका बसला. एक्सेल ९७ पासून सेलमधला मजकूर युनिकोडमध्ये साठवता येऊ लागला, आणि विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. पण व्हिज्युअल बेसिक ६ च्या नेहमीच्या चौकटी जुन्या कोडपेजवरच चालत आणि देवनागरीला तसं कोडपेजच नव्हतं. शीटमधलं ‘सावित्री’ फॉर्मवर नुसत्या प्रश्नचिन्हांसारखं उमटे. वाईट म्हणजे तशात कुणी ‘अपडेट’ दाबलं, तर तीच प्रश्नचिन्हं शीटमध्ये लिहिली जात आणि मूळ नाव कायमचं पुसलं जाई. डॉटनेटचे फॉर्म युनिकोडवर उभे होते, तिथे हा घोर मिटला.

२००७ पासून एक्सएलएसएक्स हा नेहमीचा फॉरमॅट झाला, आणि तिसरी शाखा तिथून फोफावली. ही फाइल म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींचा संच. नावं वेगळ्या फाइलीत एकदाच लिहिलेली, सेलमध्ये फक्त त्यांचा अनुक्रमांक. आता एक्सेलही नको आणि जेटही नको. पायथनचं ओपनपायएक्सएल किंवा मायक्रोसॉफ्टचं ओपन एक्सएमएल एसडीके फाइल थेट उघडून सेल बदलतं. फक्त हिशेब करणारा कुणी तिथे नसतो. सूत्राच्या सेलमध्ये सूत्र आणि त्याचं मागचं उत्तर अशा दोन्ही गोष्टी साठवलेल्या असतात. रक्कम बदलली तरी एसडीके बेरजेचं ते जुनं उत्तर तसंच राहू देतं. म्हणून वर्कबुकच्या एक्सएमएलमध्ये ‘फुलकॅल्कऑनलोड’ अशी खूण ठेवतात. ती दिसली की फाइल उघडताना एक्सेल सगळी सूत्रं पहिल्यापासून मोजून काढतं.