रूळ ओढणारे हात आणि मैदानाचा सातबारा

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर पोरांचा क्रिकेटचा सामना किती षटकांचा ठेवायचा हे पंच ठरवत नाही, समुद्र ठरवतो. ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवर स्टंप रोवायचे आणि भरतीचं पाणी पायाला लागलं की बॅट उचलून घरी जायचं. वरच्या कोरड्या पट्ट्यात होड्या ओढलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात, बोंबील सुकत असतात. ती जागा पोटाची, तिथे खेळायचा हट्ट कुणी धरत नाही. आत तलासरीच्या बाजूला गेलं तर भात कापून झाल्यावर मोकळी झालेली खाचरं हेच मैदान. बांधाला चेंडू लागला की दोन धावा, असे नियम पोरांनीच केलेले. जूनचा पाऊस पडला की तेही संपलं.

आम्ही या भागात काम करतो तेव्हा तरुण आम्हाला अभ्यासिका मागतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागतात. मैदान कुणी मागत नाही. ते आपल्याला मागायचं असतं हेच कुणाच्या मनात येत नाही. पुतळा, विहार, वाचनालय यांसाठी आपण लढलो, लढायलाच हवं होतं. पण सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला गेलेला समाज सार्वजनिक मैदानाबद्दल इतका गप्प का, हा प्रश्न आम्हाला छळतो. त्याचं उत्तर शोधताना इतिहासात मागे जावं लागतं, आणि तिथे पहिल्यांदा भेटतो तो मैदानाची देखभाल करणारा एक पोरगा.

बाळू पालवणकर. जन्म १८७६, जात चांभार, मूळ गाव कोकणातलं पालवण, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणं आणि रूळ फिरवणं हे त्यांचं काम, पगार महिना तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. काम तेच: रूळ ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावाची जाळी बांधायची, वेळ पडली तर साहेबांना गोलंदाजी टाकायची. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज तासन् तास त्यांच्याकडून चेंडू टाकून घ्यायचा. आपल्याला बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. फलंदाजीची संधी मात्र त्यांना त्या क्लबात मिळाली नाही. चेंडू टाकणं ही सेवा होती, बॅट धरणं हा मान होता.

इथे थोडं थांबू या, कारण बाळूंची गोष्ट 'गरीब पोरगा मोठा झाला' अशी सांगून सोडून दिली जाते. 'लगान' चित्रपटातला कचरा आठवा. त्याचा चेंडू वळतो तो अधू हातामुळे, म्हणजे दैवाने. खऱ्या बाळूंचा चेंडू दैवाने वळत नव्हता. ज्या मातीवर तो टप्पा घेणार ती माती त्यांनी स्वतः झाडली होती, शिंपली होती, दाबली होती. खेळपट्टी कुठे ओलसर राहिली, रूळ कुठे कमी फिरला, ऊन चढल्यावर कुठे भेग पडणार, हे रूळ ओढणाऱ्याच्या तळपायाला कळतं. पॅव्हेलियनमधल्या साहेबाला ते कळत नाही. बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीमागे हे ज्ञान होतं असं आम्ही मानतो. आपल्या माणसाच्या श्रमातून आलेल्या ज्ञानाला 'देणगी' म्हणायचं आणि वरच्याच्या ज्ञानाला 'तंत्र' म्हणायचं, ही जुनी खोड आहे.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांविरुद्ध जिंकायचं होतं, म्हणून बाळू संघात आले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट आणि टेबल वेगळं. म्हणजे चुन्याच्या रेघेच्या आत जात तात्पुरती रजेवर होती आणि रेघ ओलांडली की कामावर हजर. ती रेघ ज्याने आखायची त्यालाच ती ओलांडून आत बसता येत नव्हतं.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळू होते, त्यांचे भाऊ शिवरामही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्या वेळचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केलं होतं, असं इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. इतकं करूनही कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२० साली पालवणकर बंधूंना पुन्हा डावललं गेलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघात खेळायला नकार दिला. क्रीडेतला असहकार म्हणून हा प्रसंग शाळेत शिकवायला हवा. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

आता मैदानाच्या मालकीकडे येऊ. मुंबईच्या एस्प्लनेडवर देशी पोरं क्रिकेट खेळत, आणि त्याच गवतावर गोऱ्यांचे पोलोचे घोडे नाचत. टापांनी जमीन उखडायची, मग तिथे चेंडू धड टप्पा घेईना. १८८१ साली शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने शेकडो देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. भांडण काही वर्षं चाललं. खेळण्याच्या जमिनीसाठी देशी माणसांनी केलेला हा फार जुना लढा आहे आणि त्याचं श्रेय पारशी समाजाला द्यायलाच हवं. पण त्यातून निघालं काय? समुद्रालगतच्या जमिनीवर पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना अशी रांग उभी राहिली. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ती दिसते. सरकारने जमीन दिली ती धर्माच्या नावाने, आणि ज्या समाजाला 'हिंदू' या शब्दात फक्त गोलंदाजीपुरतं घेतलं जात होतं त्याच्या नावाने त्या रांगेत एक इंचही नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, बाळू पालवणकरांचं एवढं कौतुक कशाला? १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. हो, राहिले, आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी हरले. पुणे कराराच्या वेळीही ते गांधींच्या बाजूला होते. त्यांचं ते राजकारण आम्हाला मान्य नाही. पण म्हणून त्यांना चळवळीच्या स्मरणातून पुसून टाकणं आम्हाला चूक वाटतं. मानपत्राच्या वेळी बाबासाहेबांना त्यांचं मोल दिसलं होतं. आपणच त्यांना सोडलं तर उरतो तो 'हिंदू क्रिकेटचा तारा', आणि मातीच्या भांड्यातला चहा गोष्टीतून गायब होतो.

अमेरिकेकडे पाहिलं तर हाच प्रश्न बेसबॉलच्या रूपात दिसतो. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या लीगमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून १९२० साली रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने त्यांनी आपली लीग काढली. पण लीग काढता येते, मैदान कुठून आणणार? गोऱ्यांची मैदानं भाड्याने घ्यायची, त्यांचा संघ बाहेरगावी असेल त्या दिवशी खेळायचं. कित्येक ठिकाणी भाडं भरूनही कपडे बदलायच्या खोल्या वापरू देत नसत. चहाचं मातीचं भांडंच ते. पिट्सबर्गमध्ये गस ग्रीनली या काळ्या मालकाने १९३२ साली स्वतःचं मैदान बांधलं. सहा वर्षांत ते पाडलं गेलं आणि तिथे सरकारी घरं उभी राहिली. घरंही गरिबांचीच! घरकुल की मैदान, हा पेच आपल्याही वस्त्यांत आहे आणि त्याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरले तो दिवस १५ एप्रिल १९४७. आपल्या जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे त्यांचं स्मरण होतं, हा योगायोग आम्हाला आवडतो.

त्याहून बोलकं उदाहरण केनिची झेनिमुरा यांचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या छावणीत झेनिमुरांनी मुलांना घेऊन झुडपं उपटली, जमीन सपाट केली, पाणी वळवून आणलं, सीमारेषेला एरंड लावला आणि १९४३ साली तिथे बेसबॉलचा सामना भरवला. बेसबॉलचं मैदान सोपं नसतं. चार तळांचा चौकोन, प्रत्येक बाजू ९० फूट, मधे गोलंदाजासाठी मातीचा उंचवटा, आणि पाणी साचू नये म्हणून सगळ्याला बेताचा उतार. काटेरी तारेच्या आत राहून लोकांनी हे केलं.

आमच्या भागातही मोकळ्या जमिनीचा एक धडा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम करताना पाहिलं की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरांमागे असतात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. त्या दोघी आपल्या चळवळीतल्या नव्हत्या, पण मुलं जिथे आहेत ती जमीन हीच शाळा, हे त्यांना कळलं होतं. आज उलटं झालं आहे: शाळेची इमारत आहे आणि कुरण गेलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावं असं लिहिलेलं आहे. आम्ही पाहिलेल्या एका शाळेचं क्रीडांगण कागदावर आहे, प्रत्यक्षात तिथे बांधकामाची खडी पडते आणि लग्नसराईत मांडव. मांडवाचे खड्डे कोण बुजवतं? कुणीच नाही. पावसात त्यात पाणी साचतं आणि सुट्टीत पोरं पुन्हा किनाऱ्यावर.

देखभाल हा शब्द किरकोळ वाटतो, पण तो संविधानात आहे. अनुच्छेद १५(२) वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही, आणि कोणत्या जागा? ज्यांची देखभाल पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून होते, किंवा ज्या सर्वसामान्य जनतेसाठी अर्पण केलेल्या आहेत. १९२३ च्या बोले ठरावातही सरकारी पैशातून चालणाऱ्या पाणवठ्यांवर आणि धर्मशाळांवर बोट ठेवलं होतं. देखभालीचा पैसा कुणाचा, यावर हक्क उभा आहे. ज्या मैदानावर ग्रामपंचायतीचा वा जिल्हा परिषदेचा एक रुपया पडतो ते मैदान आपलं आहे. आणि जिथे एकही रुपया पडत नाही तिथे तो का पडत नाही, हे विचारायचं आहे.

जयंतीच्या आधी आपली मंडळं क्रिकेट स्पर्धा भरवतात. करंडक मोठा, मांडव मोठा, आवाजाची भिंत त्याहून मोठी. मैदान कुणाच्या तरी पडीक शेतात, मालकाच्या मेहेरबानीवर. या वर्षी आम्ही काही जणांनी आवाजाच्या भिंतीचे पैसे वाचवून दोन ट्रॉली मुरूम घ्यायचं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं की मुरूम टाकायचा कुठे हेच माहीत नाही. दुसऱ्याच्या शेतात टाकला तर शेत त्याचं सुधारणार. म्हणून मुरूम थांबला आहे आणि आम्ही तलाठी कार्यालयात त्या शाळेच्या जागेचा सातबारा मागितला आहे. जागा कुणाच्या नावावर आहे, किती गुंठे आहे आणि त्यातली किती उरली आहे, एवढं आधी कळू दे. उतारा हातात आला की मोजणीचा अर्ज. रूळ एका ठेकेदाराकडे गंजत पडलेला आहे, तो द्यायला तो तयार आहे. ओढायला माणसं आहेत. ती नेहमीच होती.