एक जूनची माणसं

मागच्या डिसेंबरात घरी गेलो होतो. घर म्हणजे चिंचणी. मुंबईतल्या ऑफिसात कुणी विचारलं की मी ‘बोईसरजवळ’ असं सांगतो, आणि तरी चेहरा कोरा राहिला तर ‘तारापूर, ते अणुवीज केंद्र आहे ना, त्याच्या शेजारी’ असं सांगतो. वास्तविक गाव केंद्राहून फार जुनं. इथं सापडलेल्या एका राष्ट्रकूटकालीन ताम्रपटाचं साल इ. स. ९२६ आहे आणि त्यात संजाणचा कारभार बघणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचं नाव येतं. पण हे सांगायला लागलो की समोरचा फोन काढतो.

तर घरी गेल्यावर शेजारचे काका आले. निवृत्तीआधी ते डायमेकर होते. सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरायचं हे काम आमच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांचं पोट. चाळीस वर्षं मान खाली घालून पोलाद कोरल्यानं काकांची पाठ कायमची वाकलेली आहे. म्हणाले, “जानेवारीत ज्येष्ठांच्या क्रीडा स्पर्धा घेतोय आम्ही. तू इंजिनियर ना? ती यादी-बिदी कॉम्प्युटरवर करून दे.”

मी म्हटलं, किरकोळ काम. फोनवर एक फॉर्म केला, नातवंडांनी आपापल्या आजी-आजोबांचं नाव भरायचं, जन्मतारीख टाकायची, खेळ निवडायचा. वयोगट फॉर्म्युला काढेल. दोन दिवसांनी यादी जन्मतारखेप्रमाणे लावली आणि वाटलं, फॉर्ममध्ये बग आहे. १ जून. १ जून. १ जून. मध्येच १ जानेवारी. मग परत १ जून. जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच दिवशी जन्मलेला.

बग नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला घेऊन बाप शाळेत जायचा, मास्तर वय विचारायचे, बाप पोराच्या डोक्याकडे बघायचा, आणि मास्तर हिशोबात बसेल असं साल आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. जे शाळेतच गेले नाहीत त्यांना आधारनं १ जानेवारी दिली. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी अशी कागदावर जन्मली. त्यांना आजवर फरक पडला नव्हता. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, तेव्हा तर मास्तरांनी लिहिलेलं साल काहींच्या पथ्यावरच पडलं आणि काहींच्या मुळावर आलं.

पण खेळात फरक पडतो. मी फॉर्म बाजूला ठेवून वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की ज्येष्ठांच्या स्पर्धांचा सगळा इतिहासच जन्मतारखेच्या एका ओळीवर उभा आहे.

१९६६ च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगोच्या डेव्हिड पेन नावाच्या वकिलानं चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी एक मैलाची शर्यत भरवायला सुरुवात केली. मोठ्या खेळाडूंच्या सामन्यांत मधल्या वेळेत ही शर्यत व्हायची. १९६८ मध्ये सॅन डिएगोत अशा खेळाडूंची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९७५ मध्ये टोरांटोला जागतिक स्पर्धा, आणि १९७७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जागतिक संघटना. १९८५ मध्ये पुन्हा टोरांटोतच पहिले वर्ल्ड मास्टर्स गेम्स झाले. या वेळी फक्त धावणं-फेकणं नाही, अनेक खेळ एकत्र, आणि आठ हजारांहून जास्त खेळाडू. ऑलिंपिकला पात्र ठरावं लागतं. इथं वय पात्र असलं की पुरे.

ॲथलेटिक्सची रचना मला इंजिनियर म्हणून फार आवडली. पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट, वर मर्यादा नाही. वयाबरोबर साहित्य हलकं होत जातं. पुरुषांचा गोळा एरवी सव्वासात किलोचा. साठीनंतर ५ किलो, सत्तरीनंतर ४, ऐंशीनंतर ३. बायकांचा पंच्याहत्तरीनंतर २ किलो. शिवाय एक कोष्टक असतं. प्रत्येक वयाला एक गुणक, तुमची वेळ त्याच्याशी ताडायची, म्हणजे ऐंशीच्या बाईची आणि चाळिशीच्या बाईची धाव एकाच मापावर येते. सगळं चोख. फक्त इनपुट बरोबर हवा.

फौजासिंग यांचंच बघा. १६ ऑक्टोबर २०११ ला टोरांटोत त्यांनी आठ तास अकरा मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. पासपोर्टवर जन्मतारीख १ एप्रिल १९११, म्हणजे शंभर वर्षांचा माणूस बेचाळीस किलोमीटर धावला. शंभरीबद्दल इंग्लंडच्या राणीचं पत्रही त्यांच्याकडे होतं. गिनेसनं मात्र विक्रम नोंदवला नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. १९११ साली पंजाबातल्या खेड्यात दाखला कोण देणार होतं? जुलै २०२५ मध्ये त्यांच्याच गावाजवळ रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं, त्यात ते गेले. गिनेसचा नियम चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. मी त्या जागी असतो तर मीही ती नोंद अडवलीच असती. पण धावलेलं तर खरंच होतं ना.

काकांच्या समितीत पहिली वादावादी वयावरून झालीच नाही. ती लिंबू-चमच्यावरून झाली. तरुण मंडळींनी (म्हणजे पन्नाशीच्या) लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, बादलीत चेंडू असं ठरवलं होतं. एक निवृत्त मास्तर उठले आणि म्हणाले, “आम्हाला बालवाडीत घालताय का?” सभेत शांतता. मग मागून एक मावशी म्हणाल्या, “मला संगीत खुर्ची आवडते.” तासभर हेच चाललं.

मला दोघांचंही पटलं. जपानमध्ये १९८८ पासून दरवर्षी साठीपुढच्यांचा मोठा क्रीडामेळा भरतो, पहिला ह्योगो प्रांतात झाला. नाव ‘नेनरिनपिक’. नेनरिन म्हणजे झाडाच्या खोडातली वर्षागणिक वाढणारी वर्तुळं. त्यात गेटबॉल असतो. हा खेळ १९४७ मध्ये युद्धातून उठणाऱ्या होक्काइदो बेटावर लहान मुलांसाठी शोधला गेला. मुलांपेक्षा म्हाताऱ्यांनीच तो उचलला. तेव्हा खेळ पोरांचा आहे की थोरांचा, हा मुद्दा नाही. नियम आहेत का, पंच आहे का, हरलं तर हरलं म्हणतात का, हा आहे. लिंबू-चमच्यात सगळ्यांनाच स्टीलचा डबा मिळतो. मास्तरांचा राग त्या डब्यावर होता.

शेवटी तडजोड झाली. संगीत खुर्ची राहिली. कॅरम, लगोरी, गोळाफेक, किलोमीटरभर चालणं आणि पन्नास मीटर धाव. गोळा शाळेतून आणला तो ४ किलोचा. बायकांसाठी २ किलोचा कुठून आणायचा? मावशींनी कापडाची गोल पिशवी शिवली, त्यात रेती भरली आणि भाजीवाल्याच्या काट्यावर बरोबर दोन किलो करून दिली.

जागा किनाऱ्यावर. मी भरतीची वेळ बघायला ॲप उघडलं. काकांनी कॅलेंडरकडेही बघितलं नाही. “रविवारी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला सुकती. त्यात भांगाची भरती, पाणी वर येणार नाही. आठला सुरू करू, वाळू घट्ट असेल.” ॲपमध्ये थोड्याच मिनिटांचा फरक निघाला.

आता आजी. तिनं नाव दिलं ते कुणालाही न सांगता, शेजारच्या पोरीकडून फॉर्म भरून. पन्नास मीटर धाव. घरात कळल्यावर बाबा म्हणाले, पडलीस तर? आजी म्हणाली, वाणगावला शटल पकडायला डोक्यावर भाजीची टोपली घेऊन धावायची तेव्हा कुणी विचारलं नाही.

मी तिला बारामतीच्या लता करे यांच्याबद्दल सांगितलं. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नाहीत, कुणीतरी सांगितलं की ज्येष्ठांच्या शर्यतीत बक्षीस आहे, म्हणून नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि जिंकली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. मला ही गोष्ट प्रेरणादायी वगैरे वाटायची. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तपासणीला पैसे द्यायला कुणी नव्हतं का?” त्यानंतर मला ती गोष्ट पूर्वीसारखी सांगता येत नाही.

आधार कार्डावर आजीची जन्मतारीख १ जून १९४८. फॉर्म्युल्यानं तिला ७५ ते ७९ च्या गटात टाकलं. मी सहज विचारलं, बरोबर आहे ना? म्हणाली, “कसलं बरोबर. आई सांगायची, लाल बावट्याच्या दंग्याच्या वर्षी मी पोटात होते.”

लाल बावट्याचं वर्ष म्हणजे १९४५. मे महिन्यात झरी गावात सभा झाली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं, आणि डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीतली सावकारी हादरली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. किनाऱ्यावरच्या वाड्यांतून त्याला ‘दंगा’ म्हणत. आजीच्या आईनं लेकीचं वय त्याच्या खुंटीला टांगून ठेवलं होतं. म्हणजे आजी ऐंशीची. मास्तरांनी शाळेत तिला दोन-तीन वर्षांनी धाकटी केली होती.

“मग तुला ऐंशीच्या गटात टाकतो.”

“तिथं कोण कोण आहे?”

यादी बघितली. त्या गटात धावायला बाई कुणीच नव्हती.

मास्टर्स खेळांतली ही सगळ्यात विचित्र गोष्ट. वर जावं तसा ट्रॅक रिकामा होतो. २०१७ मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये चंदीगडच्या मान कौर १०१ व्या वर्षी शंभर मीटर ७४ सेकंदांत धावल्या. सुवर्णपदक मिळालं, पण शंभरीपुढच्या गटात त्या एकट्याच होत्या. जून २०२२ मध्ये वडोदऱ्याला हरियाणाच्या १०५ वर्षांच्या रामबाईंनी तेच अंतर ४५.४० सेकंदांत कापलं, त्याही एकट्याच. जपानचे हिदेकिची मियाझाकी २०१५ मध्ये १०५ व्या वर्षी क्योटोत शंभर मीटर ४२.२२ सेकंदांत धावले. जगाला कौतुक, आणि ते मात्र नाराज, कारण सरावात याहून चांगली वेळ लागली होती. समोर कुणी उरलं नाही की घड्याळाशीच भांडायचं.

आजीला हे पटलं नाही. “एकटीनं धावायला शर्यत कशाला पाहिजे, अंगणात धावेन. कागदावर आहे तेच ठेव.”

“पण मग तू खोट्या वयावर...”

“मास्तरनं लिहिलं, मी नाही.”

आणि नियमानं तिचंच खरं होतं. कागद तिच्या बाजूला, आणि कागदाप्रमाणे ती धाकट्या गटात धावणार, म्हणजे तोटा झाला तर तिचाच. फौजासिंगांच्या अगदी उलट. मी काही बदललं नाही.

रविवारी आठला वाळू खरंच घट्ट होती. डॉक्टर होते, मंडप होता, ताक होतं. चालण्याच्या शर्यतीत दोन आजोबा मध्येच गप्पा मारत थांबले आणि शेवटून पहिले आले. मास्तरांनी गोळाफेकीत पंचाशी हुज्जत घातली, पाय रेषेवर होता की आत. मला वाटतं त्यांचा तो दिवस त्या हुज्जतीनंच सार्थकी लागला. काकांची पाठ वाकलेली, ते कॅरमला बसले आणि त्याच वाकलेल्या पाठीनं सगळ्यांना हरवलं.

पन्नास मीटरला आजीच्या गटात चौघी. पदर खोचला, चपला काढल्या. शिट्टी वाजली. आजी दुसरी आली. मी धावत तिच्यापाशी गेलो, पाणी दिलं. तिनं पाणी बाजूला केलं आणि विचारलं, “किती लागले?”

माझ्या हातात फोन होता, स्टॉपवॉच सुरू होतं, आणि मी ते पहिलीनं रेषा ओलांडली तेव्हा थांबवलं होतं. बाकी तिघींची वेळ घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यादी केली, गट केले, कोष्टकं वाचली, आणि स्वतःच्या आजीची वेळ घेतली नाही. “दुसरी आलीस ना,” मी म्हटलं. ती म्हणाली, “ते मला दिसलं.”

संध्याकाळी ग्रुपवर कुणाच्या तरी नातवानं व्हिडिओ टाकला. सुरुवातीला फक्त वाळू आणि कुणाची तरी चप्पल, पण शिट्टी ऐकू येते, आणि शेवटी रेषा दिसते. मी तो लॅपटॉपवर घेतला. सेकंदाला तीस फ्रेम. शिट्टीपासून आजीचा पाय रेषेवर पडेपर्यंत फ्रेम मोजल्या, तीनदा. २१ सेकंद आणि थोडं वर. एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

आजीनं चष्मा लावून वाचलं. मग विचारलं, “ती एकशेपाच वर्षांची, तिनं शंभराला पंचेचाळीस घेतले म्हणालास ना?”

“हो.”

ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली. “म्हणजे पन्नासला साडेबावीस-तेवीस. माझ्या पाठीलाच आली असती की ती.” चिठ्ठीची घडी करून तिनं आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “उद्या सकाळी उठव मला. सुकती किती वाजता आहे?”