चांद्याच्या लोखंडभट्ट्या आणि संरक्षणाचा प्रश्न

आयात निर्यातीहून वाढली की देशातील रोजगार घटतो आणि जकात बसविली की तो परत येतो, असा युक्तिवाद संरक्षणाच्या वादात वारंवार केला जातो. जुन्या चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, लोखंडाचा इतिहास या युक्तिवादाची कसोटी पाहणारा आहे.

लोहारा या ग्रामनामातच तेथील व्यवसायाची खूण उरली आहे. या भागात मातीच्या लहान भट्टीत खनिज व कोळसा यांचे थर रचून, भात्याने वारा घालून लोखंड काढीत. खनिज खणणे, लाकडाचा कोळसा पाडणे, भाता चालविणे व घण मारणे अशा अनेक कामांवर कुटुंबे जगत. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर ही व्यवस्था दोन बाजूंनी कोंडीत सापडली. रेल्वेने विलायती लोखंड स्वस्तात आतल्या बाजारपेठांत येऊ लागले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील लाकूडतोडीवर सरकारी नियंत्रण आले. १८८२ मध्ये बहुतेक आयात जकाती रद्द झाल्या. १८९४ मध्ये ५ टक्के सर्वसाधारण जकात पुन्हा लागू झाली, तेव्हाही लोखंड व पोलाद यांवर ती अवघी १ टक्का होती.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. या काळात हिंदुस्थानच्या मालाची निर्यात आयातीहून अधिकच होती. ह्या शिलकीचा मोठा भाग विलायतेतील सरकारी खर्चापोटी बाहेर जात असे, हेच दादाभाई नौरोजींच्या प्रतिपादनाचे मर्म होय. सारांश, व्यापार शिलकीचा असतानाच भट्ट्या विझत गेल्या.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या व्याख्यानात नवजात उद्योगांना राज्याचे साहाय्य हवे, असे प्रतिपादिले. चांद्याच्या खनिजाविषयीचा १८८२ चा अहवाल वाचून जमशेटजी टाटा यांनी येथे कारखान्याचा विचार केला होता. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामास अयोग्य ठरला. पुढे साकची येथे उभ्या राहिलेल्या त्यांच्या कारखान्यात १९१२ मध्ये पोलाद निघू लागले आणि १९२४ च्या कायद्याने पोलादास संरक्षण मिळाले.

ते 'विवेचक संरक्षण' होते. उद्योगास नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणाविना त्याची वाढ अशक्य असावी आणि अखेर त्याने जागतिक स्पर्धेत टिकावे, अशा तीन अटी १९२२ च्या राजकोषीय आयोगाने घातल्या होत्या. पहिल्या दोन अटींबाबत चांद्याच्या भट्टीची बाजू लंगडी नव्हती. तिसरी मात्र तिला पेलणारी नव्हती. शिवाय बंदरावरील जकात कितीही वाढली, तरी तिने जंगलातील कोळसा मोकळा झाला नसता.

गडचिरोलीतील सुरजागड येथे अलीकडे पुन्हा लोहखनिज निघू लागले आणि २०२५ मध्ये भारत सरकारने काही पोलादी मालाच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले. अशा शुल्काचा विचार करताना व्यापाराच्या ताळेबंदाइतकेच, शुल्काने राखलेले काम कोणाच्या हाती जाते आणि त्यासाठी कोणाचे जंगल खर्ची पडते, हेही तपासले पाहिजे. चांद्याच्या भट्टीवाल्यांच्या वेळी हे दोन्ही प्रश्न कोणत्याही जकातपत्रकात नव्हते.